पलटणीची नफरी: टांगाइलच्या जवानांना जोडून ठेवताना

देवासहून एका ताईंनी विचारलंय: "माझे वडील 1971च्या लढाईत 2 पॅरा या छत्रीधारी पलटणीत होते, पूर्व पाकिस्तानात (आताच्या बांगलादेशात) टांगाइलला विमानातून उड्या मारून उतरलेल्यांपैकी. इंदूर, देवास, उज्जैन, महू या पट्ट्यात त्यांचे आठ-दहा सोबती आहेत, बाकीचे महाराष्ट्रात. पूर्वी एक सुभेदार साहेब दरवर्षी सगळ्यांना बोलवायचे, वर्षातून दोनदा पत्रकही पाठवायचे. ते वारले आणि पाच वर्षांपासून सगळं बंद आहे. मला ते पुन्हा सुरू करायचंय. पत्रक काढू, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू, की आधी एक मोठं संमेलन घेऊ?"

ताई, संमेलन सगळ्यात शेवटी. आधी वही.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी लढाईनंतर पाच वर्षांनी भरती झालो, क्लार्क होतो. पॅरात क्लार्कलाही आग्र्याला पाच उड्या मारल्याशिवाय छातीवर विंग मिळत नाही, तेवढ्या मारल्या, टांगाइलची नाही. ज्यांनी ती मारली ते माझे उस्ताद होते, हवालदार साहेब होते. शेवटची पोस्टिंग महूला झाली आणि सासर इंदूरचं, म्हणून इथेच रामबागेच्या बाजूला राहिलो. पलटणीत असताना नफरीचा, म्हणजे माणसांच्या संख्येचा, हिशेब ठेवायचो, रिटायर झाल्यावरही तेच करतोय. कोण कुठे आहे, कोण आजारी, कोण गेलं. पंचवीसेक वर्षं झाली.

तुमच्या सुभेदार साहेबांचं काम त्यांच्याबरोबर का थांबलं, ठाऊक आहे? यादी त्यांच्या डोक्यात होती. असले दोन गट माझ्या डोळ्यांदेखत मोडले, दोन्ही याच कारणाने. त्यांच्या घरी जा. मुलाला किंवा सुनेला विचारा की साहेबांची डायरी, पोस्टकार्डांचा गठ्ठा, जुना मोबाइल यातलं काही उरलंय का. रद्दीत गेलं असेल तर प्रश्न मिटला, पण बहुधा कुठल्या तरी ट्रंकेत सापडतं. पोस्टकार्डावर मागे पत्ता असतो आणि शिक्क्यावर पोस्ट ऑफिसचं नाव. मला एक माणूस खानापूर तालुक्यात नुसत्या शिक्क्यावरून सापडलाय.

आता वहीत काय लिहायचं. पूर्ण नाव, कंपनी, गाव, तालुका, पलटणीत हाक कोणत्या नावाने मारायचे ते, आणि आर्मी नंबरचे शेवटचे दोन आकडे. पूर्ण नंबर नको, तो दुसऱ्याच्या हाती पडू नये. शेवटचे दोन मात्र हवेतच. आपल्या पलटणीत एका कंपनीत चार पाटील, तीन जाधव आणि पाच शिंदे असायचे, म्हणून सगळे एकमेकांना आकड्यानेच ओळखायचे. चाळीस वर्षांनी माणूस सोबत्याचं पहिलं नाव विसरतो, आकडा विसरत नाही.

आणि हा आकडा चुकला की काय होतं ते मी भोगलंय. आमच्या यादीत एकाच कंपनीतले दोन जाधव होते, एक सतरा आणि एक सत्तर. कऱ्हाडकडून एका रात्री फोन आला, लाइन खरखरत होती, "जाधव सतरा गेले." मी दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस लोकांना कळवलं. संध्याकाळी जाधव सतरांच्या मुलीचा फोन: "काका, बाबा अंगणात बसून शेंगा फोडतायत आणि दारात तीन माणसं हार घेऊन उभी आहेत." गेलेले होते ते सत्तर. जाधव सतरांनी पुढे हसण्यावारी नेलं, हार घालूनही घेतला म्हणे. सत्तरांच्या घरी मात्र दहाव्याला आपल्यातलं कोणीच पोचलं नाही, आणि त्यांच्या बायकोने ते मनात ठेवलं. ठेवणारच. तेव्हापासून माझा नेम आहे: मृत्यूची बातमी दोन वेगवेगळ्या माणसांकडून पक्की झाल्याशिवाय पुढे जात नाही, त्यातला एक घरचा असावा लागतो, आणि फोनवर आकडा सांगताना "सात-शून्य" असं सुटं सांगायचं.

वहीत आणखी दोन रकाने ठेवा, लोक ते हमखास विसरतात. एक, बायकोचं नाव. दुसरा, घरात फोन कोण उचलतं. आता सगळ्यात धाकटा सोबतीसुद्धा सत्तरीपलीकडचा आहे. कानाला यंत्र, फोन मुलाच्या खिशात. आपला खरा संपर्क सूनबाईंशी असतो. माझ्या यादीत किमान पंधरा ठिकाणी जवानाच्या नावापुढे सुनेचा नंबर आहे, आणि त्या सुना कित्येक मुलांपेक्षा चोख बातमी देतात.

बायकोच्या नावाचं सांगतो, कारण यात रडारड होते. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत. जवान भरती झाला तेव्हा अविवाहित, नंतर लग्न झालं, सुट्टीवरून परत आल्यावर त्याने कंपनी ऑफिसात जे नाव सांगितलं ते पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या अधिकृत नोंदीत, चढलं. कधी माहेरचं, कधी सासरचं, कधी क्लार्कने इंग्रजीत केलेलं भलतंच काही (आमच्या जमातीची पापं मी मान्य करतो). आधार कार्डावर तिसरंच. जवान जिवंत असेपर्यंत कोणी बघत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शन अडतं आणि पंच्याहत्तर वर्षांची बाई प्रतिज्ञापत्रं घेऊन फिरते. नवरा हयात असताना हे दुरुस्त करणं खूप सोपं असतं. म्हणून पहिल्या फोनलाच विचारायचं: "काकूंचं नाव पीपीओवर (पेन्शनच्या आदेशपत्रावर) काय आहे, आधारवर काय आहे?" फरक निघाला तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. तो बंगळुरूच्या पॅरा रेकॉर्ड्सला जातो. लोक बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला जातात, कारण पलटण मूळची मराठा. पण 1952 साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हाच 3 मराठाची 2 पॅरा झाली. जुन्या कागदांवर आग्र्याचा पत्ता असेल तर त्यालाही फसू नका, सेंटर 1992 साली बंगळुरूला हललं.

तुमच्या मनात कदाचित असेल की हे पेन्शनचं कारकुनी काम झालं, मी तर सोबत्यांना जोडायचं विचारलं होतं. ताई, जोडणारी गोष्ट हीच आहे. मी सुरुवातीला पत्रकात लढाईच्या कथा छापायचो. लोक कौतुक करायचे, उत्तर मात्र कोणी पाठवत नव्हतं. एका अंकात सहज छापलं की अमक्याचा हयातीचा दाखला राहिला आणि पेन्शन थांबलं, तुमचं तपासा. आठवड्यात अकरा फोन. त्या फोनांवर मग कोणाच्या गुडघ्याचं, कोणाच्या नातवाच्या भरतीचं, कोणाच्या भावकीतल्या भांडणाचं, सगळं निघालं. पुढचा अंक आपोआप भरला.

त्यामुळे पत्रकाचा माझा क्रम ठरलेला आहे. वर गेलेल्यांची नावं, गावासकट, आणि घरी कोणाला फोन करायचा ते. मग आजारी कोण, कुठे दाखल आहे. मग कामाची एकच बातमी: स्पर्शवर (पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर) काय बदललं, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) कार्डाचं काय, हयातीचा दाखला. त्यानंतर घरच्या बातम्या. शेवटी जागा उरली तर एक आठवण. दोन पानं, मोठा टाइप, वर्षातून चार वेळा. पूर्वी मी स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल काढायचो, हात शाईने काळे व्हायचे. आता मुलगी संगणकावर लावून देते आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला प्रती काढतो. पाठवायचं पोस्टाने. ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे त्यांनाही कागद पाठवाच. कागद देवघराजवळ किंवा टीव्हीखाली राहतो, शेजारचा वाचतो, बायको जपून ठेवते. मोबाइलवरचं दुसऱ्या दिवशी शोधूनही सापडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, पण दोन गोष्टी पहिल्याच दिवशी जाहीर करा. सुप्रभात आणि राजकारण बंद. आणि पीपीओ नंबर, बँक, आधार यातलं काहीही ग्रुपवर टाकायचं नाही. "स्पर्शवरून बोलतोय, दाखला अडकलाय, ओटीपी सांगा" असले फोन म्हाताऱ्या पेन्शनरांना सर्रास येतात. आमच्यातल्या एकाचे पैसे असेच गेले, आणि लाजेपोटी त्याने सहा महिने कोणाला सांगितलं नाही. ग्रुपचं ॲडमिनपद तुमच्याकडे ठेवा, सोबत्यांपैकी कोणाकडे नको. शिपायाने सुभेदार साहेबांचा फॉरवर्ड कसा उडवायचा? तुम्ही मुलगी आहात, तुमचं ऐकतील.

यादी कुठवर न्यायची, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. टांगाइलला उतरली ती नुसती 2 पॅरा नव्हती, बटालियन ग्रुप होता. 17 पॅरा फील्ड रेजिमेंटची 49 बॅटरी तोफा घेऊन उतरली, इंजिनिअर होते, फील्ड ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर आणि नर्सिंगचे लोक होते. कलाईकुंडा आणि डमडमवरून विमानं उडवणारे वायुदलाचे होते. त्यांच्या स्वतःच्या युनिटच्या संमेलनात त्यांना टांगाइलवाला दुसरा कोणी भेटत नाही. महूत एक तोफखान्याचे निवृत्त नायक होते, आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा दाराशीच थबकले, "मी तुमच्या पलटणीचा नाही हो." आमच्या हवालदार साहेबांनी विचारलं, "तळ्यात पडलेलं सामान काढायला होतास का?" "होतो." "मग आत ये." पुढची सहा वर्षं ते सगळ्यात आधी यायचे.

आणि विधवांना यादीतून काढू नका. पुष्कळ ठिकाणी जवान गेला की नावावर लाल रेघ आणि पत्रक बंद. मी त्याच ओळीवर बायकोचं नाव चढवतो. माझ्या यादीतल्या 61 घरांपैकी आज 27 घरांत जवान नाही, तरी पत्रक 61च जातात.

पेन्शन नसलेलेही शोधा. त्या काळातले काही जण पेन्शनला पुरेल इतकी नोकरी न करताच घरी आले. असे लोक संमेलनाला येत नाहीत, कपड्यांची लाज वाटते. पासष्टीपुढचा, पेन्शन नसलेला, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा माजी सैनिक असेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळू शकते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो, डिस्चार्ज बुक लागतं. तुमच्या वडिलांना वेगळं विचारा की असा कोणी आठवतो का. चारचौघांत नका विचारू.

अधूनमधून भलताच माणूस येऊन "मीही टांगाइलला उडी मारली" म्हणतो. त्याला चहा पाजा. मेडल बघायला मिळालं तर बघा: पूर्वेकडे लढलेल्याला पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्याला पश्चिमी स्टार. आठवण गोंधळलेली असते, प्रत्येक वेळी खोटंच असतं असं नाही. एका काकांनी पश्चिम सीमेवरची आपली लढाई आणि ऐकलेली टांगाइलची लढाई यांचं मनात एकच करून टाकलं होतं. आम्ही कधी खोडलं नाही, पत्रकात मात्र छापलं नाही.

यावरून आठवणींबद्दल. लोक सांगतील तसं लिहून घ्या, छापण्याआधी त्यांनाच वाचून दाखवा, आणि माहीत असलेल्या गोष्टींशी ताडून बघा. पक्कं आहे ते एवढं: 11 डिसेंबर 1971, दुपारी साडेचारच्या सुमारास उडी. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू कमांडिंग. काम होतं लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरायचं, म्हणजे उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी 93 ब्रिगेडची वाट तुटेल. माणसं लांबलांब विखुरली, गावकऱ्यांनी डोक्यावरून बोजे वाहिले, पूल त्याच संध्याकाळी हाती आला आणि रात्रभर हल्ले परतवावे लागले. 16 डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत हीच पलटण होती. पन्नू साहेबांना महावीर चक्र मिळालं. एवढा सांगाडा तुमच्याकडे असला की आठवणीतलं मांस कुठे चिकटतं ते कळतं. फोटोंचं मात्र जपून. त्या उडीचा म्हणून जो फोटो तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांतही छापून आला, तो आधीच्या एका सरावातला होता. संरक्षण खात्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने तो देऊन टाकला आणि जगाला वाटलं अख्खी ब्रिगेडच उतरली. दर दोन-तीन वर्षांनी कोणाचा तरी नातू तो फोटो घेऊन येतो आणि एका छत्रीवर बोट ठेवून म्हणतो, "हे आजोबा." आजोबा गप्प बसतात.

आता संमेलन. यादी वर्षभर चालवली, पत्रकाचे तीन-चार अंक निघाले, की लोक स्वतःच विचारतील, "भेटायचं कधी?" तेव्हा घ्या. तारीख अर्थातच 11 डिसेंबर, पुंगली पूल दिवस. इंदूरची थंडी तेव्हा सोसण्यासारखी असते. पण आधी पंचांग बघा! 2024ला 11 डिसेंबरला नेमकी मोक्षदा एकादशी आली. आमच्यातले निम्मे माळकरी, बडाखान्याचं, म्हणजे पलटणीच्या सामुदायिक जेवणाचं, मटण कोणासाठी शिजवायचं? साबुदाण्याच्या खिचडीवर बडाखाना झाला. पुढच्या वर्षी म्हटलं आता मोकळे झालो, तर 2025ला त्या तारखेला मार्गशीर्षातला गुरुवार. बायकांचं महालक्ष्मीचं व्रत, घरात वशट चालत नाही. शेवटी संमेलन रविवारी घेतलं आणि अकराला फक्त फोन केले.

वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन. अंधारात मोतीबिंदूवाल्यांना घरी सोडणं हे वेगळंच ऑपरेशन होतं. हॉल तळमजल्यावर, कमोड असलेलं स्वच्छतागृह दहा पावलांवर. हे दोन नसतील तर हॉल फुकट मिळाला तरी घेऊ नका. महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी पुण्याहून इंदूरला थेट गाडी आहे, पण खालचा बर्थ मिळेल अशी तिकिटं दोन महिने आधी तुम्हीच काढा. मुलांवर सोडलं की आयत्या वेळी "वेटिंग आहे" म्हणून बेत रद्द होतो. सकाळी पोहे-जिलेबी ठेवा, साताऱ्याकडच्यांना बडीशेप घातलेले पोहे बघून दरवर्षी तेवढंच आश्चर्य वाटतं.

प्रमुख पाहुणे बोलवू नका. एका वर्षी आम्ही बोलावले. ते पावणेदोन तास उशिरा आले, चाळीस मिनिटं देशभक्तीवर बोलले आणि ज्यांनी लढाई केली ते मागच्या रांगेत डुलक्या घेत होते. कार्यक्रम असाच ठेवा: "शिवाजी महाराज की जय" एकदा खच्चून, मग वर्षभरात गेलेल्यांची नावं, आकड्यासकट, कंपनीप्रमाणे, सावकाश. दोन मिनिटं उभं राहणं, ज्यांना जमतं त्यांनी. मग जेवणापर्यंत काहीही नाही. खुर्च्या सभेसारख्या रांगेत मांडल्यात तर लोक गप्प बसतात, म्हणून कंपनीवार गोल मांडा. बायकांच्या खुर्च्या वेगळ्या लावू नका. काकूंना त्या वर्षांतलं जे माहीत आहे (तार आली की गावात काय व्हायचं, किती महिने पत्र नव्हतं) ते जवानांनाही माहीत नसतं.

पैशाचं थोडक्यात. संस्था रजिस्टर करू नका, अध्यक्ष आला की दुसरा अध्यक्ष व्हायला बघतो. ज्याला जमेल त्याने द्यावं, हिशेब पत्रकाच्या शेवटच्या चार ओळींत छापावा, अगदी पोस्टाच्या तिकिटांसकट. आम्ही माणशी दोनशे धरतो आणि विधवांकडून घेत नाही. तरी त्यातल्या तिघी दरवर्षी पाठवतातच.

आणि वहीची दुसरी प्रत आजच कोणाला द्यायची ते ठरवा. माझी माझ्या मुलीकडे आहे, एक महूच्या एका माजी सुभेदारांकडे. तुमची तिसऱ्या घरी असू दे.

सुरुवात दहा फोनांनी करा, वडिलांना शेजारी बसवून. प्रत्येकाला शेवटी एकच विचारायचं: "तुम्हाला कोणाचा पत्ता हवाय?" तो जे नाव घेईल तो तुमचा अकरावा फोन.

इंदूर-देवास-उज्जैनकडची माझी पानं तुम्हाला पाठवतो. त्यात एक नोंद अर्धवट आहे, ती वडिलांना दाखवा. पूर्ण नाव माझ्याकडे नाही, पलटणीत सगळे "तात्या" म्हणायचे, शेवटचे आकडे तीन-आठ. पुलावर त्या रात्री कानाला इजा झाली होती. रिटायर झाल्यावर देवासला टेकडीखाली राहायचे, कुठल्याशा गिरणीत रात्रपाळीला चौकीदार होते असं दोघांनी सांगितलंय. मी दोनदा येऊन गेलो, घर सापडलं नाही.